गोधडीचे चिलखत

जन्मभर इतिहास शिकविणाऱ्या माणसाने संगणकावरील खेळांविषयी लेखणी उचलावी, हे आमच्या काही स्नेह्यांना रुचणार नाही. त्यांनी हे पान खुशाल उलटावे. आम्हांला मात्र या खेळांनी एक असा प्रश्न घातला, की जो इतक्या वर्षांत इतिहासाच्या एकाही प्रश्नपत्रिकेत आम्ही पाहिला नव्हता. आणि प्रश्न घालणारी व्यक्ती आमच्याच घरातील, नववीत शिकणारी, त्यामुळे उत्तर टाळून भागण्यासारखे नव्हते.

भोपाळच्या टी. टी. नगरात आमचे बिऱ्हाड आहे. (टी. टी. म्हणजे तात्या टोपे, हे येथे राहूनही पुष्कळांच्या ध्यानी नसते, असो.) संध्याकाळी गृहपाठ आटोपला, की आमच्या कन्येला तासभर खेळण्याची मुभा असते. तिचा आवडता खेळ एका अद्भुत राज्याचा आहे. तेथे उडणारे सर्प आहेत, बोलणारी झाडे आहेत, चेटकिणींचे किल्ले आहेत. खेळणाऱ्याने एक योद्धा निवडावयाचा आणि एकेक संकट पार करीत नवी शस्त्रे व नवी चिलखते मिळवावयाची, असा त्याचा क्रम. प्रत्येक चिलखताला संरक्षणाचा एक आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितका घाव कमी लागावयाचा. कन्येने अर्थातच स्त्री-योद्धा निवडली. आरंभी त्या वीरांगनेच्या अंगात मनगटापासून घोट्यापर्यंत जाड चामड्याचा साधा पेहराव होता. पुढे महिनाभर पराक्रम गाजवून कन्येने तिचे संरक्षण चौपट केले. आणि ते चौपट संरक्षण देणारे चिलखत पाहावे, तो त्यात पोट उघडे, दंड उघडे, मांड्या उघड्या. लोखंड उरले होते ते छातीवरच्या पट्टीपुरते आणि खांद्यांवरच्या दोन पंखांपुरते. शेजारचा मुलगा हाच खेळ खेळतो. त्याच्या पुरुष-योद्ध्यानेही त्याच नावाचे, त्याच आकड्याचे चिलखत मिळविले होते. ते मात्र नखशिखान्त पोलादी. दोन्ही पडदे शेजारी शेजारी ठेवून कन्येने आम्हांला विचारले, “बाबा, हिला लागत नाही का?”

आम्ही काही बोलण्याआधी शेजारच्या चिरंजीवांनीच उत्तर दिले. “काका, तिथे सर्प उडतात ते हिला चालतं, मग चिलखताचंच काय घेऊन बसली आहे?”

हे उत्तर वरवर बिनतोड आहे. या खेळांच्या कैवाऱ्यांचे नेहमीचे उत्तर हेच असते. पण थोडा विचार करता त्याचा पोकळपणा दिसू लागतो. अद्भुतात काहीही चालते, हे ज्याने अद्भुत कथा लक्षपूर्वक ऐकलेल्या नाहीत तोच म्हणेल. वेताळाच्या गोष्टीत प्रेत बोलते. तथापि ते प्रेत राजाला खांद्यावर टाकूनच न्यावे लागते, आपोआप चालत येत नाही. कर्णाची कवचकुंडले जन्मजात, म्हणजे याहून अद्भुत ते काय असावयाचे? परंतु इंद्राने ती मागितली, तेव्हा कर्णाला ती अंगापासून कापून द्यावी लागली आणि रक्त वाहिले. कवच होते तोवर तो अवध्य, कवच गेले तसा तो मर्त्य. या एका गोष्टीवर त्याच्या दातृत्वाचे सारे मोल उभे आहे. गांधारीच्या दृष्टीची जी कथा लोकांत प्रचलित आहे, तिच्यात तर हिशेब याहून चोख आहे. आईच्या दृष्टीने दुर्योधनाचे सर्वांग वज्राचे झाले, पण लज्जेने कमरेशी जेवढे झाकले होते तेवढे मात्र हाडामांसाचेच राहिले. आणि भीमाची गदा बरोबर तेथेच बसली. ग्रीकांच्या अकिलीसची टाच हीही त्याच जातीची. सांगावयाचे ते हे, की देहावर मोकळी जागा कोठे उरली आहे हे अद्भुत कथा कधीही विसरत नाही. किंबहुना तिचा जीव त्या मोकळ्या जागेतच असतो. जेथे उघडे पोट हेच सर्वांत भक्कम चिलखत ठरते, तेथे अद्भुत वाढत नाही. तेथे फक्त भीती नाहीशी होते, आणि भीतीबरोबर पराक्रमही.

आता खऱ्या चिलखताकडे वळू. त्याविषयी दोन्ही पक्षांचे गैरसमज पुष्कळ आहेत. खरे चिलखत म्हणजे अवजड आणि ओबडधोबड वस्तू, आणि सुंदर चिलखत म्हणजे खोटे, अशी एक समजूत रूढ आहे. चित्रपटांनी तिला बळ दिले. शेक्सपिअरच्या पाचव्या हेन्रीवर १९४४ साली निघालेल्या इंग्रजी चित्रपटात एका सरदाराला यारीने उचलून घोड्यावर बसविलेले दाखविले आहे; ते लोकांच्या डोक्यात इतके पक्के बसले, की खरोखरीच तसे होत असावे असे अनेकांना वाटते. वस्तुतः युरोपातील नखशिखान्त पोलादी चिलखताचे वजन साधारण २० ते २५ किलो असे, आणि ते साऱ्या अंगावर वाटलेले असल्यामुळे सरावाचा मनुष्य ते घालून धावू शके, घोड्यावर चढू शके. आपल्याकडचे जिरेबख्तर, म्हणजे हजारो बारीक लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेला सदरा, तर याहून पुष्कळ हलका. त्यावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांसाठी चार पोलादी पत्रे बांधीत. त्यांना चार आईना म्हणत. कड्यांनी तलवारीची धार अडे, पण आघाताचा धक्का अडत नसे. म्हणून आत कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा हवाच. पुष्कळ साध्या शिपायांपाशी तर हा कापसाचा अंगरखा एवढेच चिलखत असे आणि तलवारीच्या घावाला तो कमी पडत नसे. भोपाळच्या वैशाखात ज्याने दुपारी लोखंडी कडीला हात लावला असेल, त्याला लोखंडाखाली आणि लोखंडावर कापड का लागते, हे निराळे सांगावयास नको.

आणि सौंदर्याचे म्हणाल, तर खऱ्या योद्ध्यांना ते नको होते असे मुळीच नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे म्हणून जतन केलेले पोलादी चिलखत आहे. त्याच्या पत्र्यांवर सोन्याने जडविलेली अक्षरे आहेत. रोमन सेनापतींच्या छातीवरील पत्र्यावर पिळदार स्नायू कोरलेले असत. आतील देह कसाही असो! तेव्हा दिसणे आणि असणे यांचे वैर असावयास हवे असे नाही. अकबराच्या पत्र्यावरील सोने काढून टाकले तरी पत्रा उरतो. आमच्या कन्येच्या वीरांगनेच्या अंगावरील शोभा काढून टाकली, तर काहीच उरत नाही. भेद आहे तो एवढाच. पण तो लहान नाही.

उलटपक्षी, अंगावर लोखंड नाही म्हणजे ते चित्र खोटेच, असे म्हणणेही धाडसाचे होईल. भोपाळहून सांचीला जाण्यास तासाभराहून फारसा अधिक वेळ लागत नाही. तेथील मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर बुद्धाच्या अस्थींसाठी कुशीनगराला पडलेला वेढा कोरलेला आहे. हत्ती आहेत, रथ आहेत, धनुष्ये आणि ढाली आहेत. पण शिपायांच्या अंगात लोखंडी चिलखत असे दिसत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकाराने जे पाहिले ते कोरले. ढालीवर भिस्त ठेवणारा माणूस ढाल कशी धरतो, हे त्याला ठाऊक होते.

याहून मोठा दाखला तर आपल्या गावाच्या नावानेच प्रसिद्ध आहे. १७३७ च्या डिसेंबरात निजामुल्मुल्क मोठे सैन्य आणि अवजड तोफखाना घेऊन माळव्यात उतरला, आणि पहिल्या बाजीरावांनी त्याला याच भोपाळात कोंडले. एका बाजूस किल्ला, दुसऱ्या बाजूस तलाव, असे पाहून निजामाने आश्रय घेतला खरा. पण तोच आश्रय त्याचा पिंजरा झाला. बाजीरावांच्या हलक्या घोडदळाने दाणावैरण तोडली. उघड्या मैदानात तोफांच्या तोंडी जाण्याचा मूर्खपणा त्यांनी केला नाही. अखेर ७ जानेवारी १७३८ रोजी, आज सीहोर जिल्ह्यात असलेल्या दोराहा येथे निजामाला तह करावा लागला. नर्मदा आणि चंबळ यांमधील मुलूख आणि ५० लाख रुपये त्याने कबूल केले. मराठी स्वारापाशी लोखंड थोडे होते. त्याचे चिलखत म्हणजे घोड्याचा वेग. पण हा वेग फुकटचा नव्हता. थोडे सामान, थोडी झोप, आणि गाठले गेलो तर वाचवावयास अंगावर काही नाही, ही जाणीव, अशी त्याची किंमत होती.

हे ध्यानी घेतले म्हणजे पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली काढलेल्या ‘राजी’ या खेळाला आम्ही दोष का देत नाही, हे कळेल. त्याची नायिका डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी एक मुलगी आहे. राक्षसांनी तिच्या धाकट्या भावाला पळविले म्हणून ती लढावयास निघते. तिच्या अंगात जड चिलखत नाही. परंतु ती भिंतीवरून धावते, खांबाला वळसा घालून उडी घेते. घाव चुकविणे हाच तिचा बचाव आहे आणि चुकला नाही तर ती कोसळते. तिचा पेहराव तिच्या कामाचा आहे. देवांनी दिलेला त्रिशूळ हाती असूनही हे चित्र आम्हांला खरे वाटते.

मोठ्या माणसांसाठी निघालेल्या खेळांतही याचा विचार करणारे आहेत. ते खेळ मुलांचे नव्हेत, म्हणून आम्ही त्यांची केवळ चित्रे पाहिली व वर्णने वाचली, हे येथे नमूद केलेले बरे. २०१८ साली निघालेल्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ या झेक खेळात १४०३ मधील बोहेमिया उभा केला आहे. तेथे आधी कापसाळ अंगरखा, मग कड्यांचा सदरा, मग पत्रा, असे थरावर थर चढवावे लागतात. २०११ च्या ‘डार्क सोल्स’ या जपानी खेळात राक्षस आणि सर्प वाटेल तितके आहेत. परंतु जड चिलखत घातले की हालचाल मंदावते, आणि तेच चिलखत बाईने घातले काय वा बुवाने घातले काय, ते अंग सारखेच झाकते. म्हणजे अद्भुत आणि प्रामाणिकपणा एका घरात नांदू शकतात.

मग इतर चित्रकार असे का करतात? त्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. पडद्यावरील आकृती बोटाएवढी. ती गर्दीत ओळखू यावी म्हणून खांदे अवाढव्य, तलवार दारासारखी रुंद करावी लागते. २००४ पासून चाललेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील खांद्यांवरचे डोंगर प्रसिद्धच आहेत. नाटकात दूरच्या प्रेक्षकासाठी भुवया जाड रंगवितात, तसलाच हा प्रकार. त्याला आमची हरकत नाही. जर्मनीत १८७६ साली वाग्नरच्या संगीतिकेच्या वेषभूषाकाराने रंगभूमीवरील वीरांना शिंगांची आणि पंखांची शिरस्त्राणे घातली, आणि आज साऱ्या जगाला व्हायकिंग लोक शिंगे लावूनच लढत असे वाटते! ती शिंगे खोटी. पण त्यांत कोणाचा अवमान नव्हता. परंतु पुरुषाचे खांदे वाढवावयाचे आणि स्त्रीचे कापड कमी करावयाचे, याला दुरून दिसण्याची सबब पुरत नाही. रेड सोन्या नावाची एक वीरांगना १९७३ साली अमेरिकन चित्रकथांत अवतरली, तेव्हा तिच्या अंगात पुऱ्या बाह्यांचा कड्यांचा सदरा होता. पुढे थोड्याच काळात एका चित्रकाराने तो सदरा दोन चिंधोट्यांवर आणला. आणि खपली ती चिंधोट्यांची सोन्या. त्यानंतरच्या कित्येक खेळांतील वीरांगना या तिच्याच लेकी. सोने जडविलेले चिलखत घालणाऱ्याच्या मानासाठी असे. हे चिलखत बघणाऱ्याच्या नजरेसाठी आहे. घालणारीला विचारतो कोण?

घालणाऱ्या स्त्रिया होत्या, ही गोष्ट मात्र इतिहासाला ठाऊक आहे. जोन ऑफ आर्कसाठी १४२९ साली तूर येथे १०० लिव्रांना चिलखत घडविले गेले. त्याच वर्षी ऑर्लेआँच्या वेढ्यात मान आणि खांदा यांच्यामध्ये तिला बाण लागला. पोलाद असूनही तिला लागले. आमच्या कन्येच्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही तिला हीच हकीकत सांगितली. आपल्या प्रांतातील म्हणाल, तर झाशीच्या राणी लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथील लढाईत पडल्या, त्या वेळी त्या घोडेस्वार शिपायाच्या वेषात होत्या, असे इंग्रजांकडील बातम्या सांगतात. चित्रांतील भरजरी शालू त्या दिवशी नव्हता. भोपाळच्या सिकंदर बेगम पडदा पाळीत नसत आणि घोड्यावर मांड ठोकून बसत. यांपैकी एकीनेही आपण स्त्री आहोत म्हणून घाव कमी लागेल, असा हिशेब केला नाही.

आणि या सर्वांहून आम्हांला ज्याचे नवल वाटते, ते प्रतापगडाच्या पायथ्याचे चिलखत. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी चिलखत घातले ते अंगरख्याच्या आत, आणि पोलादी टोपी घातली ती पागोट्याखाली. बाहेरून दिसत होते ते सुती वस्त्र. खानाच्या कट्यारीचा वार झाला तो त्या अंगरख्यावर. महाराजांना राखले ते न दिसणाऱ्या लोखंडाने. आजच्या खेळांत याच्या नेमके उलट असते. तेथे चिलखत दिसते, नव्हे, दिसण्यासाठीच असते, आणि राखीत काहीच नाही. आपल्या भाषेनेही येथे एक गंमत केली आहे. जिरेटोपातील ‘जिरे’ म्हणजे मूळ फारसी ‘जिरिह’, कड्यांचे बख्तर. म्हणजे जिरेटोप हे लढाईतले शिरस्त्राण. आज तो शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे येतो तो मोत्यांचा तुरा लावलेला कापडी टोप. लोखंड शब्दातून केव्हा गळाले, ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

हा सगळा विचार कदाचित आमच्या टिपणवहीतच राहिला असता. पण गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाने त्याला उजेडात आणले. नाट्यप्रवेश राणी लक्ष्मीबाईंचा होता. दहावीतील जी विद्यार्थिनी राणी झाली होती, ती दांडपट्टा शिकलेली. वेषभूषा भाड्याने आणली होती. त्यात सोनेरी रंग दिलेले, स्त्रीदेहाचा उंचवटा दाखविणारे प्लॅस्टिकचे वक्षस्त्राण होते. पहिल्याच तालमीत असे दिसून आले, की ते घातले म्हणजे हात खांद्याच्या वर जात नाही. मुलीने दोनदा प्रयत्न केला, मग ते काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “सर, हे घालून मला उभं राहता येईल, लढता येणार नाही.”

यावर समितीत मोठा खल झाला. आमचे एक सहकारी म्हणाले, “प्रेक्षक मागच्या रांगेतही बसतात. राणी राणीसारखी दिसली नाही, तर प्रवेश पडेल. हात थोडा कमी उचलावा.” त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, रंगभूमीवर दिसणे हे अर्धे काम असते. एका बाईंनी विचारले, “आणि पट्टा फिरवायचा तो कोणी? दिसण्यानं?” त्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. आमचे मत विचारण्यात आले, तेव्हा आम्ही मुलीचा पक्ष घेतला. सोनेरी पत्रा लावून नुसती उभी राहणारी राणी आमच्या मुलांनी पाहावी आणि तिलाच वीरांगना समजावे, हे आमच्याने सोसवले नसते.

पण मग घालावयाचे काय? वाट दाखविली ती आमच्या मातुःश्रींनी. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. इतिहास त्यांनी वाचलेला नाही. कापसाच्या अंगरख्याचे वर्णन ऐकून त्या म्हणाल्या, “म्हणजे गोधडीच की रे!” जुन्या सुती लुगड्यांचे चार पदर एकावर एक घालून, चार चार बोटांवर धावदोऱ्याच्या ओळी टाकीत त्यांनी आठ दिवसांत बिनबाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा अंगरखा शिवला. कडेला चामड्याचे जुने पट्टे लावले. रंग मातकट, वर मोत्यांची एक माळ आणि डोक्यास फेटा, एवढी सवलत मागच्या रांगेतील प्रेक्षकांसाठी ठेवली. चाचणी म्हणून मुलीने तो घातला आणि वर्गातल्या दुसरीला लाकडी तलवारीने मारावयास सांगितले. दोन फटके खाऊन ती म्हणाली, “लागतं, पण सोसतं.”

प्रयोगाच्या रात्री तिचा पट्टा पुरता फिरला. आमचे ते सहकारी मागच्या रांगेत बसले होते. राणी ओळखू आली का, असे आम्ही त्यांना विचारले नाही आणि त्यांनीही आपण होऊन सांगितले नाही; मात्र पडदा पडल्यावर ते रंगपटात येऊन अंगरख्याची शिवण उलटसुलट करून पाहत होते.

तो अंगरखा आता क्रीडाविभागाच्या कपाटात असतो. यंदा सातवीतील मुलांनी भोपाळच्या लढाईचा प्रवेश घेतला आहे. बाजीरावांचे स्वार सहा आहेत आणि अंगरखा एक. स्वारांपैकी दोन मुली आहेत, आणि पहिला मान कोणाचा यावरून वर्गात रोज तंटा चालू आहे. मातुःश्रींनी निरोप धाडला आहे, की ज्यांच्या घरी जुनी सुती लुगडी असतील त्यांनी ती धुऊन, रविवारपूर्वी आमच्या बिऱ्हाडी आणून द्यावीत. नायलॉनची चालणार नाहीत.